दुकानाची साइट रेंगून काऊन राहिली? आधी मोजा, मग कॅशला हात लावा

ऑनलाइन दुकान सुरू केलं, हळद, मिरची, पापड, संत्रा बर्फी, जे काय बनवतो ते टाकलं, फोटो टाकले, अन् आता लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की समोरचा म्हणतो "दादा, उघडूनच नाई राहिली". असं ज्यांचं होऊन राहिलं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवरचं दुकान धरून लिहितो, कारण आमच्या समुद्रपूर, हिंगणघाट, उमरेड, भिवापूर पट्ट्यात बचत गटांची अन् कास्तकारांच्या कंपन्यांची जी दुकानं माझ्याकडे येतात ती बहुतेक त्यावरच असतात. शॉपिफायवर असाल तर सर्व्हर अन् कॅशचा (रोकड नाही, पान आधीच बनवून साठवून ठेवायचा) भाग तुमच्या हातात नसतोच, तुम्ही फोटो न फॉन्टचं तेवढं वाचून घ्या.

एक गोष्ट पहिलेच सांगतो. साइट स्लो झाली की लोक यूट्यूब पाहून कॅशचा प्लगइन टाकतात, त्यानं नाही झालं तर दुसरा टाकतात, मग तिसरा कोणीतरी सांगतो क्लाउडफ्लेअर (साइट न गिऱ्हाइकाच्या मधे बसून कॉप्या वाटणारी सेवा) लाव, तेही लावतात, अन् मग साइट स्लो ती स्लोच राहते, वरून भाव बदलला तरी जुनाच दिसतो. बातमीच्या साइटवर हे एक वेळ चालून जाईल. दुकानाच्या साइटवर चुकीची कॅश ही स्लो साइटपेक्षा वाईट. स्लो असली तर गिऱ्हाईक वैतागतं, पण चुकीच्या कॅशमुळे त्याला दुसऱ्याच कोणाच्या ऑर्डरचा पत्ता अन् मोबाइल नंबर दिसला तर ते तुमच्या दुकानाचं नावही परत घेत नाही. म्हणून आधी कुठे अडतं ते शोधायचं, कॅशचा नंबर त्यानंतर.

सुरू करायच्या आधी पूर्ण बॅकअप घ्या, फाइल न डेटाबेस दोन्ही. अन् हे काम आंबिया बहाराची संत्री निघाली तेव्हा किंवा दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी चालू असताना काढू नका.

पहिली पायरी : साइट स्लो आहे का नेट स्लो आहे

हे हसण्यासारखं वाटते पण अर्ध्या तक्रारी इथंच संपतात. गावात दुपारी लाइट गेली, टॉवरची बॅटरी उतरली, की काहीच उघडत नाही. त्याच फोनवर त्याच वेळी दुसरी एखादी जड साइट उघडून पाहा. मग नागपूर-पुण्यातल्या कोणाला तरी तुमची लिंक पाठवा अन् त्यांना सांगा, इन्कॉग्निटो टॅबमध्ये उघडा. तिकडेही रेंगत असेल तर मग साइटचंच दुखणं आहे.

आता गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर जा, लिंक टाका, मोबाइलचा टॅब पाहा. वरच्या भागात खऱ्या गिऱ्हाइकांच्या क्रोममधून गोळा झालेला मागच्या २८ दिवसांचा डेटा असतो, पण आपल्या छोट्या दुकानांना तेवढी गर्दीच नसते म्हणून तिथं बहुतेक वेळा डेटा नाही असंच येते, घाबरू नका. खालचा भाग म्हणजे मधल्या दर्जाचा फोन अन् हळू फोरजी धरून केलेली टेस्ट. ४९ पर्यंत लाल, ५० ते ८९ नारंगी, ९० च्या वर हिरवं. या आकड्याच्या मागं लागून लोक येडे होतात. १०० कोणाला दाखवायचे आहेत? मी ते गोल चक्र सोडून देतो अन् खालच्या ओळी पाहतो. एलसीपी, म्हणजे स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागलेला वेळ, २.५ सेकंदांच्या आत हवा. सीएलएस, म्हणजे पान उघडताना वरखाली उड्या मारते का, ते ०.१ च्या आत. आयएनपी म्हणून एक तिसरं आहे, बटण दाबल्यावर पान किती वेळात हलते ते, २०० मिलिसेकंदांच्या आत हवं, गूगलनं मार्च २०२४ पासून एफआयडी नावाच्या जुन्या मापाच्या जागी तेच धरलं. ते मात्र खऱ्या वापरातूनच मोजता येते, टेस्टमध्ये दिसत नाही.

फक्त होमपेज तपासून थांबू नका. एक होमपेज, एक कॅटेगरीचं पान, एक मालाचं पान, तिन्ही तपासा, प्रत्येक दोन-तीनदा, अन् आकडे वहीत लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवरून येणारं गिऱ्हाईक होमपेजवर येतच नाही, ते सरळ मिरची पावडरच्या पानावर उतरते.

दुसरी पायरी : अडतं कुठे

यासाठी लॅपटॉप लागेल. स्वतःचा नसला तर सेतू केंद्रवाल्या पोट्ट्याला दहा मिनिटं मागा. क्रोममध्ये इन्कॉग्निटो विंडो उघडा, एफ बारा दाबा, नेटवर्कचा टॅब, आणि तुमचं पान लोड करा. ओळींची लांबच लांब यादी येईल, तिला घाबरायचं नाही, तुम्हाला फक्त पहिली ओळ पाहायची आहे, ज्यात तुमच्या पानाचाच पत्ता आहे. तिच्यावर क्लिक करून टायमिंगमध्ये जा. तिथं वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स असं लिहिलेलं असते.

हा आकडा ८०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर सर्व्हर ठीक आहे, तुमचं दुखणं पानात आहे, म्हणजे फोटो, फॉन्ट, स्लायडर, नाही नाही ते विजेट. हाच आकडा दोन-तीन सेकंद असेल तर तुम्ही फोटो कितीही बारीक करा, काही फरक पडणार नाही, कारण सर्व्हरनं पहिलं अक्षर पाठवायलाच तेवढा वेळ घेतला. सगळा लेख या एका फाट्यावर उभा आहे, त्यामुळे हे पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पानाचं दुखणं : फोटो, परत फोटो

दहातल्या सात-आठ दुकानांत हेच निघते. माल पोत्यावर मांडून फोननं फोटो काढला, तो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, ४ एमबीचा. असे सहा फोटो होमपेजवर जसेच्या तसे गेले की झाले २४ एमबी. गूगलची टेस्ट हळू फोरजी म्हणून सेकंदाला १.६ मेगाबिट धरते, त्या हिशेबानं नुसते हे फोटो उतरायलाच दोन मिनिटं लागतील. कोण थांबते दोन मिनिटं?

वर्डप्रेस २०१९ पासून, म्हणजे ५.३ पासून, मोठा फोटो टाकला की त्याला २५६० पिक्सेलवर आणते अन् लहान लहान कॉप्याही बनवते, त्यामुळे मालाच्या यादीत सहसा लहानच फोटो जातो. गडबड होते बॅनरमध्ये. पेज बिल्डरमध्ये बॅकग्राउंड म्हणून फोटो लावला अन् साइज फुल ठेवली, की फोनवरही तोच मोठा फोटो जातो.

करायचं असं. गूगलचं स्क्वूश नावाचं फुकट टूल आहे, ब्राउझरमध्येच चालते. फोटो टाका, रुंदी १२०० करा, फॉरमॅट वेबपी, क्वालिटी ७५ ते ८०. मधली रेघ इकडे-तिकडे सरकवून आधीचा न नंतरचा फोटो पाहता येतो. हळदीच्या पिवळ्या रंगाकडे नीट पाहा, जास्त दाबलं की पावडर चिखलासारखी दिसते, वायगावच्या हळदीचा रंग हीच तर तिची ओळख, तो घालवून फायदा नाही. सहसा १०० ते २०० केबीत चांगला फोटो बसतो. वर्डप्रेस ५.८ पासून वेबपी सरळ अपलोड होते. नेटवर्कच्या यादीत साइजच्या कॉलमवर क्लिक केलं की सगळ्यात जड फाइल वर येते, वरच्या पाच निस्तरा, बाकीच्या मागं लागू नका.

अजून एक. लेझी लोड म्हणजे फोटो खाली स्क्रोल केल्यावर उतरणं, चांगली गोष्ट आहे, वर्डप्रेसमध्ये ५.५ पासून आपोआप आहे. पण काही प्लगइन पान उघडल्याबरोबर दिसणारा पहिला फोटोही लेझी करून टाकतात, मग एलसीपी उलटा वाढते. प्लगइनच्या सेटिंगमध्ये पहिला फोटो, लोगो वगळायची जागा असते, तिथं टाका. सीएलएस खराब असेल तर फोटोला रुंदी-उंची दिलेली नसते, किंवा वरून 'फ्री डिलिव्हरी' ची पट्टी उशिरा येऊन सगळं खाली ढकलते.

मराठी साइटचं एक वेगळं दुखणं असते, ते इंग्रजी लेखात कोणी सांगत नाही. देवनागरी फॉन्ट जड असतो, जोडाक्षरांमुळे आकार लय लागतात त्याला. अन् डिझाइनवाला पोट्टा हौसेनं मथळ्याला एक, मजकुराला एक, बटणाला एक असे तीन फॉन्ट लावतो, प्रत्येकाचे चार-पाच वजनाचे प्रकार. एकच फॉन्ट ठेवा, साधा न ठळक दोनच प्रकार, अन् फॉन्ट डिस्प्ले स्वॅप चालू करा म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनच्या अक्षरांत मजकूर तरी दिसतो. माझं म्हणाल तर मजकुराला वेगळा फॉन्ट लावूच नका, अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये नोटो सॅन्स देवनागरी आधीच असतो, वाचायला छान आहे.

स्लायडर काढून टाका. चॅटचं विजेट, इन्स्टाची पट्टी, जाहिरातवाल्यांचे गिऱ्हाइकावर नजर ठेवणारे दोन-दोन पिक्सेल कोड, होमपेजवरचा यूट्यूब व्हिडिओ, यातलं ज्यानं ऑर्डर आली नाही ते सगळं काढा.

सर्व्हरचं दुखणं

पहिल्या ओळीचा आकडा मोठा निघाला तर आधी विचारा, सर्व्हर ठेवला कुठे आहे. स्वस्तात मिळालं म्हणून अमेरिकेतला घेतला असेल तर प्रत्येक फेरीला पाव सेकंदाच्या आसपास असाच जातो. गिऱ्हाईक नागपूर, पुणे, मुंबईचं, तर सर्व्हर मुंबईचाच घ्या.

मग पीएचपीचं व्हर्जन पाहा, होस्टिंगच्या पॅनलमध्ये असते. ७ मध्ये अडकलेल्या साइटी अजूनही दिसतात. ८ च्या पुढचं चालू व्हर्जन लावा, पण आधी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या कॉपीवर, करून पाहा, कारण जुनी थीम कधी कधी पांढरी पडते.

त्यानंतर क्वेरी मॉनिटर प्लगइन टाका. ॲडमिन म्हणून लॉगिन असताना वरच्या पट्टीत दिसते, कोणत्या प्लगइननं डेटाबेसला किती प्रश्न विचारले अन् किती वेळ खाल्ला. काम झालं की काढून टाका. वर्डप्रेसच्या टूल्समध्ये साइट हेल्थ आहे, तिथं ऑटोलोडेड ऑप्शन्सबद्दल इशारा येतो का पाहा, ८०० केबीच्या वर गेलं की येतो. म्हणजे कधीकाळी टाकून काढलेल्या प्लगइनचा कचरा प्रत्येक पानासोबत उचलला जातो. तो साफ करायला जाणकार माणूस लावा, स्वतः डेटाबेसात हात घालू नका.

अनलिमिटेड या शब्दावर जाऊ नका, एवढंच होस्टिंगबद्दल सांगतो. एका दुकानाला होस्टिंगवाला सारखं म्हणत होता तुमच्या साइटचाच प्रॉब्लेम आहे, अन् पॅनलमध्ये रिसोर्स युसेज उघडलं तर रोज संध्याकाळी सीपीयूची रेघ छताला टेकून बसलेली. जागा अनलिमिटेड होती, सीपीयू नव्हता.

आता कॅश

कॅश म्हणजे काय ते एकदा नीट डोक्यात बसवा. तर्री पोह्याच्या ठेल्यावर पोहे आधीच वाफवून झाकून ठेवलेले असतात, गिऱ्हाईक आलं की प्लेटमध्ये टाकले अन् वरून ज्याला जशी हवी तशी तर्री, कांदा, लिंबू. मालाचं पान म्हणजे पोहे, सगळ्यांना सारखं, बनवून ठेवता येते. कार्ट, चेकआउट, माय अकाउंट म्हणजे तर्री, प्रत्येकाची वेगळी, ती त्याच वेळी टाकावी लागते. कॅशमध्ये पोहे ठेवायचे.

पेज कॅशचा प्लगइन एकच ठेवायचा. कोणता, ते सर्व्हरवर आहे. मघाच्याच पहिल्या ओळीवर क्लिक करून हेडर्स नावाच्या टॅबमध्ये सर्व्हरसमोर लाइटस्पीड लिहून असेल तर लाइटस्पीड कॅश प्लगइन लावा. तसा सर्व्हर नसेल तर त्या प्लगइनची पेज कॅश सहसा चालत नाही, मग डब्ल्यूपी सुपर कॅशसारखा साधा प्लगइन पुरे. आधीचा प्लगइन डिॲक्टिव्हेट करून डिलीट करा, अन् फाइल मॅनेजरमध्ये डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरात ॲडव्हान्स्ड-कॅश नावाची पीएचपी फाइल जुन्या प्लगइनची राहून गेली का ते पाहा. ती मागं राहिली की नवा प्लगइन गप बसतो अन् आपण सेटिंग बदलवत बसतो.

लागली का नाही ते पाहायला इन्कॉग्निटोमध्ये पान दोनदा उघडा. लाइटस्पीडवर एक्स-लाइटस्पीड-कॅश या हेडरसमोर दुसऱ्यांदा हिट यायला हवं. अन् कॅश नसताना सर्व्हर खरा किती वेळ घेतो हे पाहायचं तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन काहीही एक शब्द, बरोबरचं चिन्ह अन् आकडा लावा, जसं ?test=1, पहिल्यांदा तरी ताजं पान येते. कॅशसहित ०.२ सेकंद न कॅशशिवाय ४ सेकंद असं निघालं तर खुश होऊ नका, दुखणं झाकलं गेलं आहे, चेकआउटवर ते बाहेर येईलच.

कार्ट, चेकआउट, अकाउंट ही पानं वगळलेली आहेत का हे स्वतः पाहा. वूकॉमर्स ही पानं कॅश करू नका असा निरोप स्वतःच देते, अन् चांगले प्लगइन तो ऐकतात. पण क्लाउडफ्लेअरमध्ये सगळंच कॅश करा असा नियम कोणी लावून ठेवला असेल तर तो निरोप डावलला जाऊ शकतो. अन् आपल्या मराठी दुकानांची अजून एक गंमत, कार्टच्या पानाचा पत्ताच मराठीत ठेवलेला असतो, 'टोपली' नाहीतर 'थैली'. मग इंटरनेटवरून उचललेला तयार नियम, ज्यात इंग्रजीतला कार्ट शब्द वगळलेला आहे, तो या पानाला ओळखतच नाही. मराठी पत्ता लिंकमध्ये टक्क्यांच्या चिन्हांची लांब माळ होऊन जातो, नियमात तीच माळ टाकावी लागते. सोपा उपाय म्हणजे या तीन-चार पानांचे पत्ते इंग्रजी ठेवा, वरचं शीर्षक मराठीत राहू द्या.

क्लाउडफ्लेअर साधं लावलं तर ते फोटो, सीएसएस, जावास्क्रिप्ट (पानाच्या सजावटीच्या न हालचालीच्या फाइली) कॅश करते, पान नाही. म्हणून पानाच्या ओळीत सीएफ-कॅश-स्टेटससमोर डायनॅमिक दिसलं तर काही बिघडलेलं नाही. सीएफ-रे हेडरच्या शेवटी तीन अक्षरं असतात, तुमची मागणी कोणत्या शहरातून पुरी झाली ते त्यावरून कळते, बीओएम म्हणजे मुंबई, एनएजी म्हणजे नागपूर. नागपुरात त्यांचं केंद्र आहे म्हणून वर्ध्याची मागणी तिकडेच जाईल असं मात्र धरू नका, ते तुमच्या सिमकार्डच्या कंपनीवरही आहे.

"भाव बदलवला, पण जुनाच दिसून राहिला"

हा फोन दर सीझनला येतो. "दादा, मी तर काल रात्रीच भिवापुरी मिरचीचा भाव बदलवला, मले नवाच दिसते, पण त्या पुण्यावाल्या बाईले जुनाच दिसून राहिला." फोन करणाऱ्या ताई लॉगिन असतात, अन् लॉगिन माणसाला सहसा कॅशचं पान देतच नाहीत, म्हणून त्यांना नवं दिसते. गिऱ्हाइकाला काय दिसते ते पाहायचं तर इन्कॉग्निटोच. कार्टमध्ये मात्र भाव ताजा असतो, म्हणजे बाईला मालाच्या पानावर एक अन् कार्टमध्ये दुसरा, अन् तिला वाटते आपल्याला लुबाडून राहिले.

कॅश साफ करायचा क्रम आतून बाहेर. आधी ऑब्जेक्ट कॅश (डेटाबेसची उत्तरं साठवणारी) असेल तर ती, मग प्लगइनची पेज कॅश, मग क्लाउडफ्लेअर, शेवटी स्वतःच्या ब्राउझरची, कंट्रोल शिफ्ट आर. उलट्या क्रमानं केलं तर बाहेरची साफ होते, ती लगेच आतून जुनंच पान उचलून परत भरून घेते, अन् तुम्ही म्हणता साफ केलं तरी होत नाही. दिवसभर डिझाइनचं काम चालू असेल तर क्लाउडफ्लेअरचा डेव्हलपमेंट मोड लावा, तीन तासांनी आपोआप बंद होतो.

पेज कॅशची मुदत आठवडाभर ठेवू नका. पानात वर्डप्रेसचा एक सुरक्षा टोकन असतो, तो जास्तीत जास्त २४ तास चालतो. पान त्याहून शिळं झालं की फॉर्म, कुपन, कधी कधी कार्टचं बटणही काम करत नाही. दहा तासांच्या आसपास मुदत ठेवली की हा त्रास नाही.

दोन फोनची परीक्षा

हे केल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. दोन फोन घ्या, दोन वेगळी सिमकार्डं. पहिल्यावर हळद एक किलो कार्टमध्ये टाका, दुसऱ्यावर मिरची. दोन्हींवर कार्ट उघडा, वरचा आकडा पाहा, मागं जा, दुसरं पान उघडा, परत कार्ट पाहा. पहिल्यावर गिऱ्हाईक म्हणून लॉगिन करा, पत्ता भरा, लॉगआउट करा, अन् लगेच दुसऱ्यावर चेकआउट उघडा. पहिल्याचा पत्ता चुकूनही दिसला तर तिथंच पेज कॅश बंद करा, क्लाउडफ्लेअरचा पान कॅश करायचा नियम असेल तर तोही, अन् मग कारण शोधा, त्या वेळात साइट स्लो राहिली तर राहू द्या. सगळं बरोबर असेल तर दोन्हीवरून कॅश ऑन डिलिव्हरीची एक-एक ऑर्डर टाका न नंतर रद्द करा.

नेटवर्कच्या यादीत गेट-रिफ्रेश्ड-फ्रॅगमेंट्स अशी ओळ दिसेल, ती कार्टचा आकडा ताजा ठेवते. वूकॉमर्स ७.८ च्या आधी ती सगळ्या पानांवर पळायची, आता वर मिनी कार्ट लावलेलं असेल तरच. तिला बंद करणारे कोड इंटरनेटवर ढिगानं आहेत, ते लावले की आकडा शून्यावर अडकतो अन् गिऱ्हाईक तोच माल तीनदा टाकते. ती ओळ दोन सेकंद घेत असेल तर सर्व्हर हळू आहे, तिकडे पाहा.

प्लेस ऑर्डर दाबल्यावरच चाक फिरत राहते अशी तक्रार असेल तर पेज कॅशचा त्याच्याशी काही संबंध नाही. कुरियरचा दर त्याच क्षणी बाहेरून मागवणारा प्लगइन, पेमेंटचा प्लगइन, अन् ऑर्डरचा ईमेल पाठवताना अडणारा सर्व्हर, या तिघांपैकी एक सापडतो. स्टेजिंगवर एकेक बंद करून ऑर्डर टाकून पाहा. कुरियरचा दर दोषी निघाला तर वजनाप्रमाणे ठरलेला दर लावून टाका, गिऱ्हाइकालाही तो समजायला सोपा.

एवढं करूनही कॅशशिवायचा आकडा दोन सेकंदांखाली येत नसेल तर होस्टिंगला तिकीट टाका. "साइट स्लो आहे" असं लिहिलं की "आमच्याकडून ठीक दिसते" असं उत्तर येते. त्यापेक्षा तारीख, वेळ, पानाची लिंक, वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्सचा स्क्रीनशॉट, रिसोर्स युसेजच्या रेघेचा स्क्रीनशॉट, अन् खाली दोन प्रश्न : आमच्या प्लॅनमध्ये एका वेळी पीएचपीच्या किती प्रोसेस चालतात, अन् रेडिस (ऑब्जेक्ट कॅशसाठी लागते ते) मिळते का. याचं सरळ उत्तर दोन-तीन दिवसांत आलं नाही तर मुंबईतल्या सर्व्हरचा दुसरा प्लॅन महिनाभरासाठी घ्या, साइटची कॉपी तिथं टाका, अन् तीच तीन पानं त्याच पद्धतीनं परत मोजा.